बुद्रुक, खुर्द आणि डॉट इन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे येसराच्या पुड्यांवर लेबलं चिकटवणं. कला खळ लावून द्यायची, मी चिकटवायचो. दुपारची वेळ. पंख्यानं लेबलं उडत होती म्हणून तिनं पंखा बंद केला आणि मला घामाच्या धारा लागल्या.

"पेंटर, वाकडं लागलं," ती म्हणली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला ती पेंटरच म्हणायची.

"पुडा वाकडा हाय. लेबल सरळ हाय."

"साऱ्या रोडच्या भिंती सरळ रंगवल्या म्हणं, आन् घरचा पुडा वाकडा!"

मी काढून पुन्हा लावलं. पुन्हा वाकडंच लागलं. ती हसली, हात धुतले, चहा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, आणि हंडा भरता भरता ती खाली बसली आणि मेली. वारली, देवाघरी गेली, असलं गोड मला लिहिता येत न्हाई. मेली. मी तिथंच होतो, काही करू शकलो न्हाई.

त्या लेबलावर तिचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात इंटरनेटवरचं नाव, कलावती येसर डॉट इन. तेरावं उरकल्यावर हेच नाव आमच्या हातातून निसटायला निघालं होतं. संपादक म्हणले, धंद्यातल्या आठवणी लिहा. माझ्या डोक्यात सध्या ही एकच आठवण हाय. पण आधी धंदा सांगावा लागंल, न्हाईतर बाहेरच्याला कळायचं न्हाई.

मी अक्षरं काढणारा पेंटर. घरं रंगवणारा न्हाई, तो वेगळा. शाळा चौथीपर्यंत. नांदेडहून लातूरला जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर लागतं, त्या रस्त्याच्या भिंतींवर खत, सिमेंट, बियाणं, क्लास, दवाखाना जे काय दिसतं त्यातलं लई माझ्या हातचं. भिंतीला आधी चुना मारायचा, वाळू द्यायचा, निळीत बुडवलेली दोरी दोन्ही टोकाला धरून फटकन सोडायची. सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं बसवायची. दोरीचं दुसरं टोक कला धरायची. माणूस लावला असता तर पगार द्यावा लागला असता, हे कारण ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण म्हणजे तिला घरात बसून करमायचं न्हाई.

पुढं फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्या बंद पडल्या. भिंती तेवढ्या राहिल्या. अशात लातूरचा एक क्लासवाला आला आणि म्हणला, आमच्या नावापुढं डॉट कॉम काढा.

मी विचारलं, "हे गाव कुठं आलं?"

तो हसला. मी खरंच विचारलं होतं. आणि आज इतक्या वर्षांनी सांगतो, माझा सवाल बरोबर होता. ते गावच असतं.

आमच्या नांदेडातच माझा दोस्त मुजीब, त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याच्याकडून मी हे समजून घेतलं. आपल्याकडं एकाच नावाची दोन गावं असतात. एक बुद्रुक, एक खुर्द. बुद्रुकला जायचं आणि खुर्दला उतरलात तर नाव तेच, पण घर आपलं न्हाई. इंटरनेटवर डॉटच्या पुढं जे असतं ते हे बुद्रुक-खुर्द. कॉम हे सगळ्यात जुनं, मोठं, गजबजलेलं गाव. मूळचं धंदेवाल्यांचं, आता कुणीही राहतं. इन म्हणजे आपल्या हिंदुस्थानचं. ऑर्ग बहुतेक संस्था आणि ट्रस्टवाले घेतात. एसी डॉट इन हे कॉलेजांचं, जीओव्ही डॉट इन हे सरकारचं, तिथं ऐऱ्यागैऱ्याला जागा मिळत न्हाई. आणि तेच नाव कॉममधे एकाचं, इनमधे दुसऱ्याचं असू शकतं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो.

अजून एक. हे नाव विकत मिळत न्हाई. लोक म्हणतात, मी नाव विकत घेतलं. सातबारा काही तुमच्या नावावर होत न्हाई. ठोक्यानं, म्हणजे सालाच्या भाड्यानं, रान केल्यासारखं असतं. साल भरलं की पुन्हा पैसे भरायचे. भरले न्हाई तर रान दुसऱ्याला जातं, तुम्ही त्यात विहीर पाडली असंल तरी.

तर तो क्लासवाला. आम्ही लोह्यापासून लातूरपर्यंत भिंती रंगवल्या. शुभारंभ डॉट कॉम. कला दोरी धरून धरून बेजार झाली. शेवटची भिंत वाळायच्या आत क्लासवाल्याचा फोन, "पेंटर, पालक मला शिव्या घालून राहिले!"

झालं असं होतं की त्याचं नाव होतं शुभारंभ डॉट इन. पण वेबसाइट म्हणजे डॉट कॉमच असणार, असं त्यानं धरलेलं, आम्ही बी धरलेलं. आणि कॉमवाला शुभारंभ होता लग्न जमवणारा. जळकोटकडचे एक पालक तर थेट क्लासात येऊन उभे. "पोरगी डॉक्टर व्हायची हाय म्हणून भिंत वाचून फोनवर उघडलं, आन् हे तिला स्थळं दाखवून राहिले! तुम्ही शिकवता का उजवता?"

सगळ्या भिंती परत फिरलो. कॉमची तीन इंग्रजी अक्षरं पुसून इनची दोन काढली. तीनच्या जागी दोन, म्हणजे भिंतीवर मोकळा डाग राहिला. तो झाकायला मी कमळ काढायला घेतलं तर कला ओरडली, "आवो, कमळ नका काढू, इलेक्शन हाय!"

"मग घड्याळ काढू?"

"घड्याळ बी नको. हात नको, मशाल नको. कुणाचं न्हाई असं काढा."

शेवटी मोर काढला. कितीतरी भिंतींवर तो मोर अजून हाय. लोकांना वाटतं क्लासची खूण हाय.

त्या दिवसापासून कलानं नियम केला. गिऱ्हाइकानं आधी आमच्यासमोर स्वतःच्या फोनवर आपली वेबसाइट उघडून दाखवायची. उघडली तर ब्रश बुडवायचा, न्हाईतर चहा प्यायचा आणि घरी जायचं. हा नियम माझा न्हाई, तिचा. मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर विश्वास ठेवायचो. ती म्हणायची, तोंड रोज बदलतं, भिंत बदलत न्हाई.

एक गावपुढारी आले होते. पांढरे कपडे, मागं चार माणसं. म्हणले, "माझ्या ऑफिसच्या पाटीवर जीओव्ही डॉट इन पाहिजे. रुबाब पडतो."

कला म्हणली, "साहेब, ते फक्त सरकारला मिळतं."

"आमच्या गावात सरकार म्हणजे मीच!"

"मग उघडून दाखवा."

चारी माणसं आपापल्या फोनकडं बघायला लागली. पुढारी काही वेळ लाल झाले, मग हसले आणि म्हणले, आक्का, तुम्ही उभ्या राहा पुढच्या वेळी. जाताना साधं डॉट इन घेऊन गेले मुजीबकडून. दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचे.

विष्णुपुरीच्या रस्त्याला एक चहावाला हाय, त्यानं हौसेनं डॉट शॉप की डॉट ऑनलाइन असलं काहीतरी घेतलं. पहिलं साल लई स्वस्त पडलं. दुसऱ्या साली भाव ऐकून त्यानं किटली खाली ठेवली. कला म्हणली, हे गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगसारखं हाय. आधी मंडप टाकून सरबत पाजतात, मग रस्त्याचे पैसे वेगळे, लाइटचे वेगळे. प्लॉट वाईट नसतो, पण आधी विचारून घ्यावं.

माझे गुडघे गेले, शिडी सुटली, तसं तिनं येसर सुरू केलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, गहू, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ भाजायची, मसाला घालून दळायची. ते पीठ लावून आमटी करतात. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी नसली तर पाव्हणे मागून बोलतात. कलाच्या हाताला चव होती. गल्लीतल्या बाया जोडीला आल्या, भाजणं, दळणं, पुडे भरणं. मुजीबनं नाव काढून दिलं, कलावती येसर डॉट इन. तो म्हणला, चाची, कॉम बी लेके रखो. ही म्हणली, आपण काय कंपनी हाव का? इन बास.

तिथं चुकली. नाव चालायला लागल्यावर एका मसाल्याच्या व्यापाऱ्यानं तेच नाव कॉममधे घेतलं आणि तिथं स्वतःचा माल मांडला. आमची गिऱ्हाइकं चुकून बुद्रुकला उतरायला लागली. वर त्याचा फोन आला, इन बी मला देऊन टाका, पैसे घ्या. कला त्याला म्हणली, "नाव विकायला मी काय मेले का?" आणि फोन ठेवला.

मी गुडघे घासत पुन्हा शिडीवर चढलो. जुन्या ओळखीच्या भिंती मागून घेतल्या आणि त्यावर कलावती येसर डॉट इन काढलं. इन हे अक्षर मुद्दाम दुप्पट मोठं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला ती होतीच. माझ्या हातच्या त्या शेवटच्या भिंती.

आता मोबाइलचं सांगतो.

तेरावं आम्ही गावी केलं, बिलोलीजवळ. आमच्यात तेराव्याला शय्यादान असतं. मेलेल्या माणसाला वर लागंल ते सगळं गुरुजींना द्यायचं. गादी, उशी, छत्री, चप्पल, तांब्या, लुगडं. ते मांडलं तेव्हा मी बघत बसलो. मनात आलं, ही तर तांब्याशिवाय एकवेळ राहील, मोबाइलशिवाय राहणार न्हाई. दिवसभर कानाला फोन. लातूरला दिलेली आमची लेक शोभा, गल्लीतल्या बाया, गिऱ्हाइकं. मी उठलो आणि तिचा मोबाइल चार्जरसकट उशीवर ठेवला.

भावकी एकमेकांकडं बघायला लागली. गुरुजी म्हणले, "पेंटर, आजपर्यंत मला कुणी मोबाइल दिला न्हाई."

मी म्हणलो, "तिला तिथं बी ऑर्डरी घ्यायच्या असतील."

गुरुजींनी पाणी सोडलं, मंत्र म्हणले, गाठोडं बांधून घेऊन गेले. सिम कार्ड आत. मला वाटलं, लई बरं केलं.

महिनाभरानं लातूरहून शोभाचा फोन आला. रडून राहिली होती.

"बाबा, आईचं नाव उघडत न्हाई."

मुजीबकडं गेलो. त्यानं बघितलं आणि डोक्याला हात लावला. सालाची तारीख उलटली होती. आठवणीचे मेसेज आले असणार, पण कलाच्या मोबाइलवर. नाव तिच्या नंबरवर होतं, तिनंच हट्टानं घेतलेलं, म्हणायची, माझं नाव तर माझा नंबर.

मुजीब म्हणला, "चाचा, तारीख गेली की नाव लगेच जात न्हाई. आधी बंद पडतं. थोडे दिवस जुन्या मालकाला सवलत असते, पैसे भरले की परत चालू. मग दंड. मग खुलं. पहले आओ, पहले पाओ."

"मग भर की पैसे."

"खातं उघडायला पाहिजे ना! पासवर्ड चाचीलाच मालूम. नवा मागितला तर चाचीच्या नंबरवर आकडा येतो. तो टाकला की काम झालं. नंबर कुठं हाय?"

"दानात दिला."

"चाचा, सिम तरी काढायचं!"

दुसरा रस्ता होता. मृत्यूचा दाखला, आधार, अर्ज, नाव देणाऱ्या कंपनीला पाठवायचं, उत्तराची वाट बघायची. मुजीबनं तो बी धरला. पण तोवर सवलतीचे दिवस सरले आणि व्यापारी टपून बसलेला असला तर? इन बी त्याच्याकडं गेलं असतं. गल्लीतल्या बायांचा माल कुठं शोधायचा हे कुणाला कळलं नसतं. आणि माझ्या भिंती, तिनं दोरी धरलेल्या, तिचंच नाव दाखवून माणसं त्याच्या दुकानात पाठवत बसल्या असत्या. चुना मारायला माझ्यात शिडी चढायची ताकद राहिलेली न्हाई.

एवढं असून माझे पाय उचलेनात. दान परत मागत नसतात. दिलेली वस्तू तिला पोचली, असं मी मानलं होतं. आता मोबाइल मागायचा म्हणजे तिच्या हातातून ओढून घ्यायचा. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर ती म्हणली, "लई पाप! वर ती हॅलो हॅलो करत बसंल."

शोभाला सांगितलं तर ती फोनवर चिडली. "बाबा, आई असती तर काय म्हणली असती?"

"म्हणली असती, पेंटर, गधडे हाव तुम्ही."

"मग जा ना!"

असलं मागणं फोनवर करता येत न्हाई, म्हणून सकाळची बिलोली गाडी धरली. पुढं गावापर्यंत ऑटो. गुरुजी ओसरीवर बसले होते, पायात कलाच्या दानातली चप्पल न्हवती, आधी तेच बघितलं. मी पायरीवरच उभा राहिलो आणि सांगून टाकलं. फिरवून बोलायची मला सवय न्हाई.

"गुरुजी, दान परत मागायला आलो. मोबाइल."

गुरुजींनी आत वळून हाक मारली, "अहो, तो आक्कांचा फोन आणा."

त्यांची बायको, काकू, फोन घेऊन आल्या. मी बघितलं, फोन चालू होता. हिरवा दिवा लागलेला, चार्जिंग भरलेलं.

काकू म्हणल्या, "महिना झाला, दिवसाला दोन-तीन फोन येतात. आक्का आहेत का? येसर पाहिजे होतं. मी सांगते, आक्का गेल्या. मग ती बाई तिकडं रडते, मी इकडं रडते. बंद कसा करणार? ह्यांनी रिचार्ज बी मारला."

मी म्हणलो, "मग मला तरी एक फोन करायचा!"

"कसा करू?" गुरुजी म्हणले. "तुमच्या फोनवर त्यांचं नाव उमटलं असतं. तेराव्याचा मांडव नुकता निघालेला. माणूस दचकून मरायचं."

मग त्यांनी मला पाट दिला आणि शास्त्र सांगितलं. "हे बघा पेंटर. हा फोन तुम्ही हातात घ्यायचा न्हाई. दान दिलेल्या हातानं घेऊ नये. पण त्यावर काय आलंय ते आम्ही वाचून दाखवायला कुठलीच मनाई न्हाई."

मी माझ्या फोनवरून मुजीबला लावलं. तो नांदेडात कॉम्प्युटरवर बसलेला. म्हणला, दबाया, देखो आया क्या. कलाचा फोन टुणकन वाजला. तिनं लावलेलाच आवाज.

गुरुजींना चष्मा सापडंना. काकूंनी फोन घेतला आणि पहिल्यापासून सावकाश वाचायला लागल्या, पोथी वाचावी तसं. कंपनीचं नाव वाचलं. इतक्या वेळात वापरा, वाचलं. मग थांबल्या.

"इथं लिहिलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका."

"अहो काकू, मला सांगा!"

"कुणालाही म्हणजे कुणालाही. मागं बँकेतून असाच फोन आला होता, ह्यांनी सांगितला आणि—"

"ते आता कशाला काढता?" गुरुजी म्हणले.

"काकू, मी तिचा नवरा हाय!"

"ते खरंय. पण तसं इथं लिहिलेलं न्हाई."

तोवर मुजीब तिकडून ओरडला, "टाइम खतम, चाचा! फिर से भेजता."

दुसऱ्या वेळी गुरुजींनी फोन घेतला. चष्मा कपाळावरच होता, तो खाली ओढला. आणि नुसते आकडे, एकेक, खणखणीत, संकल्प सोडावा तसे म्हणले. मी प्रत्येक आकडा फोनमधे ओरडलो. मुजीब प्रत्येकाला "हां" म्हणत गेला. मग काकूंनी हात जोडले.

"खुल गया," मुजीब म्हणला.

मग पैसे भरले त्यानं. भरल्यावर सुद्धा तो मला पाटावरून उठू देईना, म्हणला थांबा, बघू द्या. थोड्या वेळानं म्हणला, "चाचा, तुमच्या फोनवर उघडा."

मी उघडलं. कलावती येसर डॉट इन. वर तिचा फोटो, मुजीबनं काढलेला, त्यात ती त्याच्यावर ओरडून राहिलेली.

मी ओसरीवर बसून रडलो. मेली त्या दिवशी रडलो नव्हतो, तेराव्यालाबी न्हाई. हे रडणं दुःखाचं कमी आणि सुटल्याचं जास्त होतं. डोक्यावरचं पोतं उतरल्यावर मान हलकी होते, तसं. काकूंनी पोहे केले. दोन वेळा घेतले. महिनाभरात पोटभर तेवढंच खाल्लं असंल.

निघताना मुजीबचं सांगणं गुरुजींना सांगितलं, की नाव आता शोभाच्या नंबरवर करून घेतो, तुम्हाला त्रास न्हाई. गुरुजी म्हणले, "नावाचं करा. पण हा नंबर लोकांच्या पाठ हाय. फोन यायचे ते येतीलच. आता ऑर्डर आली तर तुम्हाला लावू का ह्यावरून? दचकणार न्हाई ना?"

मी म्हणलो, "लावा."

नांदेडला येईपर्यंत दिवस मावळला. शोभाला फोन करून सांगितलं, ती तिकडं हसून राहिली होती का रडून, कळलं न्हाई. जेवलो न्हाई, पोहे होते पोटात. आडवा झालो तो झोपलोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं दारात आली तरी मी अंथरुणातच होतो. फोन वाजला. उचलून बघितलं तर वर तिचं नाव. मला ठाऊक होतं कोण हाय. तरीबी तोंडातून निघालं, "हां, बोल कला."

पलीकडं काकू म्हणल्या, "पेंटर, जळकोटहून एका बाईंचा फोन होता. मुलीचं लग्न आहे, पंगतीला येसर पाहिजे. देता का?"

"देतो," म्हणलो.

उठलो, तोंड धुतलं, गल्लीतल्या बायांना हाक मारली. त्यांनी चुली पेटवल्या, आणि मी गहू निवडायला बसलो.